पाव्हण्याचं पान

"गहिनीनाथ, हे काय आहे?"

मालनबाईंच्या हातात पत्रावळीचा तुकडा होता. त्यावर रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा चतकोर, चिमूटभर चटणी आणि एक विडी. कपाटाचं दार सताड उघडं होतं आणि आत हुकाला टांगलेला सांगाडा नेहमीसारखा दात दाखवत उभा होता.

गहिनीनाथचा बरण्या पुसणारा हात तिथंच थांबला. नगरच्या त्या कॉलेजात त्याची अठरा वर्षं गेली होती. मिशा पांढऱ्या झाल्या तरी हुद्दा 'लॅबबॉय'च. बेडूक धरून आणणं, पोरांनी फोडलेल्या काचा वेचणं, सर शिकवताना हातात काठी देणं, यातच जन्म चालला होता. चोरी मात्र आज पहिल्यांदाच पकडली गेली.

"पाव्हन्याचं पान हाय, बाई," तो म्हणाला. "आज सर्वपित्री आमुशा. याच्या मागं कुनी हाय का न्हाई, कुनाला ठावं? दर साली घास ठेवतो. बाप्या मानूस, भाकरीवर इडी लागती."

एरवी मालनबाई हसल्या असत्या. पण जूनमध्ये प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक म्हणून त्या इथं आल्या तेव्हापासून कपाटातले उंदीर त्यांचा जीव खात होते. कालच सांगाड्याच्या डाव्या हाताचा दोरा कुरतडलेला दिसला होता आणि दोन बोटं तळाशी गळून पडली होती.

"आधीच उंदीर, त्यात तुमचं हे आमंत्रण! असा सांगाडा पुन्हा मिळायचा नाही. यापुढं कपाटात अन्नाचा कण दिसला तर मला प्राचार्यांकडे लेखी द्यावं लागेल."

"चुकलं, बाई."

त्याचा उतरलेला चेहरा बघून बाई जरा नरमल्या. म्हणाल्या, "आणि तुमचा पाहुणा बाप्या नाही. बाई आहे."

"आँ?"

त्यांनी कमरेचं रुंद हाड दाखवलं, कपाळ दाखवलं, जेमतेम फुटू लागलेली अक्कलदाढ दाखवली. "पोरगीच म्हणा. विशीच्या आतबाहेरची. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

कोण सांगणार? शिकवणं सगळं इंग्रजीत. गहिनीनाथ शेजारच्या स्टुलावर मटकन बसला. प्राध्यापकांसमोर तो आजवर कधी बसला नव्हता.

दुपारच्या सुट्टीत घराकडं चालताना त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. त्याची धाकटी बहीण कडू हरवली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. त्याच्या पाठची तीन लेकरं हाती लागली नाहीत, म्हणून काळानं तरी थुंकून टाकावी अशा आशेनं ठेवलेलं नाव. लग्न झालं त्याच साली सासरच्यांबरोबर पाथर्डीकडून ऊसतोडीला गेली. तळावर पटकीची साथ आली. माणसं परतली, त्यांत कडू नव्हती. कुणी म्हणालं दवाखान्यात नेलं, कुणी म्हणालं पळापळीत चुकामूक झाली. बाप चार महिने पायपीट करून रिकाम्या हातानं आला. तिची माती झालेली कुणी पाहिली नाही.

त्याला बावीस वर्षं झाली. पण सर्वपित्रीला कडूच्या नावानं पान वाढायचं म्हटलं की आई, भागूबाई, अंगावर यायची. "जित्या मानसाला घास टाकत्यात व्हय रं?" रोज रात्री टोपल्यात एक भाकरी कडूसाठी झाकलेली असायची. दुसऱ्या दिवशी सांजेला तीच शिळी भाकरी म्हातारी स्वतः खायची. यंदासारख्या दुष्काळात, दाण्याला महाग असतानाही तिनं यात खंड पडू दिला नव्हता. आईशी भांडायची गहिनीनाथची छाती नव्हती. कपाटातला बेवारस पाव्हणा दिसला तेव्हा त्यानं घरी जे करता येत नव्हतं ते तिथं केलं. ते घास निव्वळ पाव्हण्याचे नव्हते, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

ही कडू नव्हे, एवढं त्याला कळत होतं. सांगाड्याच्या पेटीवर कलकत्त्याचा शिक्का होता. कुठं कलकत्ता, कुठं पाथर्डी! पण कुणाची तरी कडूच की. आणि आपण तिला अठरा वर्षं विडी देत आलो, या विचारानं त्याला रडावं की हसावं कळेना.

घरी पान वाढलेलं होतं. जेवायला बसता बसता त्यानं आईला सगळं सांगून टाकलं.

"किती वयाची म्हनलास?" भागूबाईनं विचारलं.

"इशीच्या आतबाहेर."

"आन तिचं कुनीच न्हाई आलं न्यायला?"

"कुठून येनार, आये? नाव न्हाई, गाव न्हाई."

म्हातारी एकदम कडाडली, "मुडद्या, लेकीबाळीला इडी देतो व्हय? अठरा वर्सं! अक्कल गहान टाकली का काय?" ती उठली, टोपल्यातली झाकलेली भाकरी काढली, डब्याच्या तळाचा गूळ खरवडून वर ठेवला.

"तिला गूळ लई आवडायचा."

"कुनाला, आये?"

भागूबाईनं भाकरी फडक्यात बांधून त्याच्या हातात दिली. "जा. दुपार टळायच्या आत ठिव."

लॅबमध्ये मालनबाई वह्या तपासत होत्या. गहिनीनाथ दारातच उभा राहिला. "बाई, कपाटात न्हाई ठेवत. खिडकीबाहेर ठेवू का? आईनं दिलंय. माझ्या बहिनीचं हाय."

मग त्यानं कडूची सारी हकीकत सांगितली. बाईंनी लेखणी खाली ठेवली.

"मी शिकत असताना नेवाशाचं उत्खनन बघायला गेले होते," त्या हळूच म्हणाल्या. "तीन हजार वर्षांपूर्वीची लेकरं, रांजणात निजवलेली. शेजारी वाडगी ठेवलेली. त्या आयांनाही कुणीतरी सांगितलं असेल, उंदीर येतील म्हणून."

त्या उठल्या. रोपांच्या प्रयोगाची काचेची मोठी हंडी फडताळातून काढली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. "कपाटातच ठेवा, हिच्याखाली. उद्या सकाळी मात्र आठवणीनं उचला."

गहिनीनाथनं पान ठेवलं, वर हंडी पालथी घातली. बाई दोरा ओवून सांगाड्याच्या डाव्या हाताची बोटं बांधत होत्या.

संध्याकाळी भागूबाईनं दोघांपुरत्याच भाकरी थापल्या. जेवणं झाल्यावर तिनं टोपलं झटकलं, ओल्या फडक्यानं पुसलं आणि भिंतीशी पालथं घालून ठेवलं.