ओल्या फडक्यातल्या काड्या

ही गोष्ट दोन हजार वीस सालची. सगळं जग दारं लावून घरात बसलं होतं, त्या वर्षाची. आता लोक त्या दिवसांच्या गमती सांगतात, पण तेव्हा रस्त्यावर कुत्रंसुद्धा बिचकत चालायचं.

गुलाबवाल्या बाईंची रोपवाटिका शहराच्या एका टोकाला आणि घर दुसऱ्या टोकाला. बाईंनी साठी ओलांडलेली, त्यात छातीचं जुनं दुखणं. रोपांना पाणी तर हवंच, म्हणून कचेरीतून पास मिळाला, पण एकाच माणसाचा आणि तोही तरुण माणसाचा. बाईंनी तो चिमीच्या नावावर काढला.

चिमी म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा हिचा हात दाराच्या कडीलाही पुरत नव्हता. बाईंनी तिला वाढवलं, आजारपणं काढली आणि पुढे हातात चाकू देऊन गुलाबाचा डोळा भरायला शिकवलं. जंगली गुलाबाच्या खुंटाची साल चिरायची, आत चांगल्या गुलाबाच्या काडीवरचा डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, बसवायचा, पट्टीने बांधायचा. त्यातून नवं झाड फुटतं. एका काडीवर जितके डोळे तितकी झाडं. "हिचा हात माझ्याहून हलका आहे," असं बाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. सांगताना चेहरा असा, की जणू तो हातही त्यांनीच घडवलाय.

मागच्या भिंतीशी एक गुलाब होता. दोन जातींचा संकर करून, बी पेरून बाईंनी स्वतः वाढवलेला. कळी तांब्याच्या रंगाची, उमलली की जर्दाळूसारखी, आणि गळायच्या आधी जवळजवळ पांढरी. जगात त्याचं ते एकच झाड. टाळेबंदी उठल्यावर होणाऱ्या पहिल्या पुष्पप्रदर्शनात तो नवी जात म्हणून मांडायचा, हे बाईंनी पक्कं केलं होतं. पण बाजारात आधीच आलेला गुलाब तिथे नवा धरत नसत. म्हणून त्याची एक काडीही फाटकाबाहेर जाऊ द्यायची नाही, असा त्यांचा नेम होता. जन्मभर दुसऱ्यांनी काढलेले गुलाब विकले. एक तरी आपला असावा.

तर सकाळी चिमी फोनचा कॅमेरा धरून वाफ्यांमधून फिरायची आणि बाई घरातल्या खुर्चीवरून कारभार बघायच्या. धंदा बसेल असं वाटलं होतं, झालं उलटंच. घरात कोंडलेल्या माणसांना अचानक झाडांचा पुळका आला. बाई फोनवर मागणी घेत, चिमी कुंड्या भरून ठेवी आणि टेंपोवाला त्या लोकांच्या फाटकाशी ठेवून पळ काढी.

"बाई, माझ्या झाडाची पानं लोंबायला लागलीत," कुणीतरी रडकुंडीला येऊन विचारी.

"खिडकीशी ठेवा त्याला. आणि तुम्हीही जरा तिथेच बसा, तुमचाही आवाज लोंबतोय."

असं बरं चाललं होतं. मग एका सकाळी चिमीने कॅमेरा समोर धरलाच नाही.

"मावशी, घाबरू नकोस. आपल्या गुलाबाला मर लागलीय बहुतेक. फांद्या काळ्या पडताहेत."

"दाखव."

चिमीने काळ्या पडलेल्या दोन काड्या कॅमेऱ्यासमोर धरल्या.

"छाट. आतला गाभा पांढरा लागेपर्यंत छाट. चाकू आधी उकळत्या पाण्यातून काढ. आणि काड्या तिथे ठेवू नकोस, जाळून टाक."

"जास्त छाटावं लागलं तर?"

"लागू दे. झाड वाचव म्हणजे झालं." एवढं बोलून बाईंना रडू आवरेना.

"मावशी, पाणी पी आधी," चिमी म्हणाली. "मी आहे ना."

त्यानंतर चिमी रोज सांगे, झाड जगतंय, पण छाटलेलं बघवत नाही, तू नकोच बघू. बाईंनाही ते पटे. दुखणाईताला उघडं कशाला बघायचं, असं त्या स्वतःची समजूत घालत.

निर्बंध सैल झाले तसं बाईंनी टेंपोवाल्याला बोलावलं आणि रोपवाटिका गाठली. चिमी फाटकाशी कुंड्या लावत होती. बाई थेट मागच्या भिंतीशी गेल्या.

मर लागते ती आधी बारीक, अशक्त फांद्यांना. त्या सगळ्या जागच्या जागी होत्या, हिरव्यागार. फोनवर दाखवलेल्या काळ्या काड्या दुसऱ्याच कुठल्या झाडाच्या होत्या. कापल्या होत्या त्या फक्त पेन्सिलीएवढ्या जाड, नुकतीच फुलं येऊन गेलेल्या फांद्या. डोळे भरायला काढतात त्याच.

बाई वाफ्याच्या कडेवर बसल्या. मागून टेंपोवाला पाण्याची बाटली घेऊन आला.

"दमलात? तुमचं पार्सल मी जपून पोचवलं होतं हं बाई. काचघरवाल्यांच्या हातातच दिलं."

काचघरवाला म्हणजे शहरातला सर्वांत मोठा रोपविक्रेता.

"कसलं पार्सल?"

"ते नाही का, काड्यांचं. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं. चिमीताई म्हणाल्या, मावशीनेच पाठवलंय." मग बाईंचा चेहरा बघून तो उगीचच टेंपोची चाकं तपासायला निघून गेला.

बाईंनी चिमीला हाक मारली.

"चिमे, जाळायच्या काड्या कुणी ओल्या फडक्यात गुंडाळतं का गं?"

चिमीने हातातली कुंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "दर वर्षी तू पुढच्या वर्षी म्हणायचीस. एकदा पाकळ्या कमी, एकदा वास कमी. त्यांच्याकडे खुंट तयार होते. त्यांनी मला भागीदार केलंय, मावशी. इथे मी म्हातारी होईपर्यंत तुझी भाचीच राहिले असते."

"मला विचारायचंस."

"नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते."

"मग?"

"मग भांडायचंस! आदळआपट करायचीस, अबोला धरायचास. माझ्याच तोंडून छाट म्हणवून घेतलंस. मी रडत होते, तर पाणी पी म्हणालीस."

"ते मनापासून म्हणाले होते मी," चिमी हळूच म्हणाली.

बाईंना तेच जास्त लागलं. त्यांनी हात पुढे केला. चिमीने फाटकाच्या किल्ल्या त्यात ठेवल्या आणि ती गेली.

त्याच हिवाळ्यात तो गुलाब काचघरवाल्याच्या नावाने बाजारात आला. बाईंनी प्रदर्शनातून अंग काढून घेतलं. पुढे काचघरवाला थकला आणि मुलाकडे राहायला गेला. आता सगळा कारभार चिमी बघते आणि चोख बघते, असं म्हणतात. तिला मुलगी झाल्याचं बाईंना दुसऱ्याकडूनच कळलं. टेंपोवाल्याने दुसरा टेंपो घेतला. बाईंसमोर तो चिमीचं नाव काढत नाही. भिंतीशी ते झाड अजून आहे. बाई त्याला इतरांएवढंच पाणी घालतात, जास्त नाही आणि कमीही नाही.

बाईंनी आता हाताखाली दोन मुली ठेवल्या आहेत. चांगल्या आहेत, कष्टाळू आहेत. त्यांना माती कालवणं, कुंड्या बदलणं, गिऱ्हाइकाशी बोलणं, सगळं शिकवलंय. डोळे भरायचे दिवस आले की मात्र बाई दोघींना सुट्टी देतात.