पुढच्या दोन नळ्या

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकतो: मी खेळणी बनवत नाही. गेली अकरा वर्षं मी हे शेजाऱ्यांना, मेहुण्याला आणि खुद्द बायकोला सांगत आलोय. तरीही कुणी पाहुणे आले की ती म्हणते, "बसा, ह्यांना बोलावते. आत आगगाडी आगगाडी खेळतायत."

पोटासाठी मी कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात घासून, घडवून झाले की त्याच हत्यारांनी वीतभर लांबीची डिझेल इंजिनं घडवतो. खऱ्या इंजिनाच्या सत्त्याऐंशीपट लहान. कारखान्यातून ती येतात तेव्हा सगळी एका साच्यातली, गुळगुळीत, बिनचेहऱ्याची. धरायचे दांडे म्हणजे नुसत्या उठावाच्या रेघा. असा संताप येतो! मी त्या रेघा पात्याने खरवडून काढतो, केसाएवढी भोकं पाडतो, त्यात तारेचे दांडे बसवतो. मग रंग, मग काजळी, मग तेलाचे ओघळ. एका इंजिनाला चार-पाच महिने सहज जातात.

आमच्या क्लबाचा एक नियम आहे. इंजिनाबरोबर एक कार्ड ठेवायचं, त्यावर इंजिनाचा नंबर आणि तारीख. कारण तेच इंजिन आज एक असतं आणि सहा महिन्यांनी दुसरं. कुठे पोचा येतो, कुठे दिवा बदलतो. त्या तारखेला ते जसं होतं तसंच करायचं. आपल्याला माहीत आहे ते करायचं नाही, फोटोत दिसतं ते करायचं. हा नियम आमच्या अध्यक्षांनी केलेला. ते रेल्वेतले निवृत्त अधिकारी. स्पर्धेत भिंग घेऊन एकेक खिळा मोजतात, म्हणून सगळे त्यांना भिंगसाहेब म्हणतात.

आता मामाबद्दल. माझा मामा इंजिन ड्रायव्हर होता. चौतीस वर्षांपूर्वी एका सकाळी त्याची गाडी शेवटच्या स्टेशनात थांबलीच नाही. रूळ दवाने आणि तेलाने निसरडे झाले होते. चाकं जाम होऊनही घसरत राहिली आणि इंजिन फलाटाच्या टोकाच्या ठोकळ्यावर जाऊन आदळलं. एका हमालाचा पाय गेला. अशा निसरड्या वेळेसाठी इंजिनात कोरडी वाळू भरलेली असते. ड्रायव्हर पेडल दाबतो, चाकांसमोरच्या नळ्यांतून ती रुळावर पडते आणि चाकं रूळ पकडतात. मामा म्हणाला, "मी पेडल दाबलं. वाळू पडली नाही." चौकशीवाले म्हणाले, सकाळच्या तपासणीच्या कागदावर वाळूची यंत्रणा ठीक असल्याची सही आहे, म्हणजे यानेच पेडल दाबलं नाही. इंजिनाच्या नाकाडाचा तर चेंदामेंदा झालेला. नळ्या आधी होत्या की नव्हत्या, हे बघायला काही उरलंच नव्हतं. सगळं खापर मामाच्या डोक्यावर फुटलं. पुढची अकरा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, तो यार्डात रिकामे डबे इकडून तिकडे ढकलत होता.

आणि आम्ही घरचे? आम्ही तर कमालच केली. आईने परस्पर ठरवून टाकलं की दादाला डुलकी लागली असणार, बिचारा दमला होता. मग घरात कुणी जेवताना पेंगलं की "काय रे, मामाची डुलकी का?" असं म्हणायची पद्धतच पडली. मीही म्हणायचो. एकदा तर मामासमोरच बोलून गेलो. तो ताटातला घास संपवून उठला, एवढंच.

त्या सकाळच्या कागदावर सही होती इंजिनांच्या शेडमधल्या तरुण तपासनिसाची. तेच आमचे भिंगसाहेब. मला हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, लपवत नाही. ठाऊक असून मी त्यांच्या क्लबात गेलो, अकरा वर्षं त्यांच्याबरोबर चहा प्यायलो. सही म्हणजे सही, असं मला वाटायचं.

गेल्या वर्षी मामाला ऐंशी पूर्ण झाली, तेव्हा मनात आलं की त्याचं इंजिन करून त्याला द्यावं. अपघाताच्या आधीचं, धडधाकट. क्लबात एका पोस्टमनने काढलेल्या फोटोंची तीन खोकी आहेत. तो गेल्यावर त्याच्या बायकोने दिलेली. त्याला गाड्यांचे फोटो काढायचा नाद होता, आणि प्रत्येक फोटोमागे तो इंजिनाचा नंबर, तारीख आणि वेळ लिहून ठेवायचा, मिनिटासकट. मामाच्या इंजिनाचे चार फोटो सापडले. तिसरा उलटून पाहिला आणि बसल्या जागी थिजलो. तारीख अपघाताचीच. वेळ सकाळी सात चाळीस. मामा आदळला नऊ दहाला.

फोटो समोरून, खाली बसून काढलेला. मी बोल्ट मोजायला भिंगाखाली धरला. पुढच्या चाकांसमोर, दोन्ही बाजूंना, नळ्या धरायच्या पट्ट्या होत्या. नळ्या नव्हत्या. आधी वाटलं, सावली असेल. मग दोन महिने आधीचा फोटो शेजारी ठेवला. त्यात नळ्या अंगठ्याएवढ्या स्पष्ट. पुन्हा हा फोटो. नुसत्या पट्ट्या! तळपायाची आग मस्तकात गेली. चष्म्याची काच पुसायची सवड काढणाऱ्या कुणालाही जे दिसलं असतं, ते न बघता या माणसाने सही ठोकली होती. आणि आता हाच आमच्या इंजिनांचे खिळे मोजतो!

मी कुणाला काही बोललो नाही. कारखान्याने लावलेल्या नळ्या पात्याने कापल्या, पट्ट्या तेवढ्या ठेवल्या. कार्डावर नंबर आणि ती तारीख लिहिली. प्रदर्शनाला मामाला घेऊन गेलो. "तुझं इंजिन केलंय, बघायला चल," एवढंच सांगितलं. तो काठी टेकत आला आणि टेबलामागे खुर्चीत बसला. इंजिनाकडे टक लावून पाहत होता, पण त्याची नजर अधू झालेली, नळ्यांचं त्याच्या लक्षात आलं नाही.

भिंगसाहेब आले. मामाला त्यांनी ओळखलं नाही. वाकले, भिंग फिरवलं, मान डोलावली. मग भिंग थांबलं.

"पुढच्या वाळूच्या नळ्या कुठायत?"

"नाहीत," मी म्हणालो.

"विसरलास?"

"विसरलो नाही. त्या दिवशी नव्हत्याच."

ते मोठ्याने हसले. आजूबाजूचे चार जण वळून बघू लागले. "अरे, शेडमध्ये आयुष्य गेलंय माझं. नळ्यांशिवाय इंजिन बाहेर पडेल कसं? कोण सोडेल?" असं म्हणत त्यांनी गुणपत्रिकेवर लिहिलं: पुढच्या दोन्ही वाळूच्या नळ्या नाहीत, गंभीर चूक, पाच गुण वजा. आणि खाली झोकात सही केली.

"आता कार्डावरची तारीख वाचा, साहेब."

त्यांनी वाचली. मी दोन्ही फोटो पुढे सरकवले, त्या सकाळच्या फोटोची मागची बाजू आधी. ते बराच वेळ भिंग धरून वाकून राहिले. मग डोकं वर केलं ते खुर्चीतल्या माणसाकडे बघत.

"ड्रायव्हर," ते म्हणाले.



"सकाळी बावीस इंजिनं असायची," भिंगसाहेब हळू आवाजात सांगू लागले. "मी एकटा. प्रत्येकाखाली वाकणार किती? खिडकीत बसूनच सह्या व्हायच्या. सगळेच तसं करायचे."

"मग चौकशीत का नाही बोललात?" माझा आवाज इतका चढला की पलीकडच्या टेबलावरच्या बाईने आपली छोटी गाडी बंद केली. "यार्डात अकरा वर्षं गेली यांची! तुमच्या जिभेला काय झालं होतं?"

"नोकरी गेली असती. मुलं लहान होती माझी."

"माझीपण," मामा म्हणाला.

भिंगसाहेबांनी गुणपत्रिकेकडे हात नेला. "हे... हे मी दुरुस्त करतो. पूर्ण गुण देतो." मामाने काठी उचलून त्या कागदावर टेकवली.

"असू द्या, साहेब. या खेपेला बघून सही केलीय तुम्ही."

काठी बाजूला झाली तरी साहेबांनी कागद उचलला नाही. भिंग टेबलावरच विसरून ते निघून गेले. मला वाटलं, जिंकलो! छाती फुगली माझी. चौतीस वर्षांचा डाग मी पुसला होता, एका पात्याने आणि एका फोटोने. मी मामाजवळ खाली बसलो, त्याचा हात हातात घेतला. तो रडेल, मला जवळ घेईल, असं मनात धरूनच बसलो होतो.

मामाने माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्या दिवशी चौकशीहून मी सरळ तुमच्याकडे आलो होतो. तुझ्या आईला सांगितलं. तूही होतास, दारात उभा."

"हो, मामा."

"पेडल दाबलं, वाळू पडली नाही. एवढंच सांगितलं होतं ना मी?"

"हो."

त्याने हात सोडवून घेतला.

"तुलासुद्धा फोटो लागला," तो म्हणाला.