ब्रेकला बांधलेला धागा

कॉलेजात सायकल आणायची तर आधी गेटवर ब्रेक दाखवायचा, हा नियम माझा. मी खेळांचा मास्तर, तोंडाचा फटकळ. पोरं मागून मला 'ब्रेक सर' म्हणतात, म्हणोत बापडी.

रुचीची नवी सायकल पहिल्याच दिवशी अडली. पूजा करताना तिच्या दादीने, झमकूबाईंनी, हँडलच्या दोन्ही बाजूंना लाल धागा बांधला होता. त्याचे वेढे इतके जाड की ब्रेक दाबला तर अर्ध्यातच अडे.

"बठ्ठा ब्रेक जाम शे, सर," वॉचमन रुपचंदभाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाले.

"कापून टाक तो धागा," मी रुचीला म्हणालो.

ती रडवेली झाली. "सर, दादीने धागा बांधला म्हणून तर घरचे सायकलवर सोडताहेत. कापला तर उद्यापासून परत पप्पांच्या गाडीतून."

माझं डोकं तापलं. पण पोरीचा चेहरा बघवेना. संध्याकाळी पिंप्राळ्याला तिच्या घरी गेलो, तो भांडायच्या तयारीनेच.

झमकूबाई ओट्यावर बसल्या होत्या, सायकल शेजारीच उभी. "आजी, एवढा ब्रेक दाबून बघा," मी म्हणालो.

त्यांनी दाबला. तो अर्ध्यातच अडला, तसं त्यांनी धाग्याच्या वेढ्यांवरून बोट फिरवलं.

"पोरीला जपायला बांधला होता, सर," त्या हळूच म्हणाल्या. माझं भांडण तिथेच संपलं.

त्यांनी कात्री मागितली नाही. नखांनी एकेक गाठ सोडवली आणि धागा रुचीच्या मनगटावर बांधला. मला वाटलं, झालं काम. तर त्या काठी टेकत गल्लीच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"ये आता. ज्या ब्रेकच्या भरवशावर नात सोडायची, तो मला बघू दे."

"आजी, बाजूला व्हा."

ऐकतील तर त्या झमकूबाई कसल्या. रुची निघाली आणि माझा जीव टांगणीला लागला. पण तिने बरंच अलीकडे ब्रेक दाबला आणि पाय टेकले.

"एवढ्या लांब थांबलीस?"

"समोर तुम्ही होतात ना, दादी."

झमकूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मग रस्त्यात कोणीही आडवं आलं, तरी मीच उभी आहे असं समज. जा उद्या कॉलेजला."

निघालो तेव्हा गल्लीच्या वळणावर माझी स्कूटर आपसूक हळू झाली. समोर कोणीच नव्हतं.