पहिलं बोट

टक्.

डबीचं झाकण बसलं आणि मी दचकले. माझी लेक दगडी जागी होईल असं वाटलं, पण ती गालाखाली हात घेऊन माझ्या गुडघ्याला चिकटून तशीच निजली होती. दुपार कलायला आली होती. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळं त्या जाग्या आहेत का डुलकी लागलीय, ते पटकन कळत नाही. हैदराबादच्या सडकेनं ट्रक गेला की तेवढी फडताळातली भांडी हलायची. मग पुन्हा गप्प.

अठ्ठ्याण्णव डब्या भरल्या होत्या. दोन राहिल्या होत्या, आणि माझा हात पुढं जात नव्हता.

उमरग्यात आमचं काजळ 'मथुराबाईचं काजळ' म्हणून मागतात. मथुराबाई म्हणजे माझ्या सासूबाई. एरंडेलाचा दिवा, दोन विटांवर पालथं घातलेलं तांब्याचं ताट. दिवसभर दिवा जळला की जेमतेम चार डब्यांपुरती काजळी धरते. ती खरवडायची, गाईच्या तुपात खलायची. आणि डब्या भरायच्या आधी एक नेम. नव्या काजळाचं पहिलं बोट घरच्या लेकराच्या डोळ्यांत. लेकरानं डोळे चोळले नाहीत तरच डब्या उंबऱ्याबाहेर. "तुझ्या नवऱ्याचे डोळे एवढाले बटबटीत कशानं झाले वाटतंय?" सासूबाई मला लग्न झाल्या झाल्या म्हणाल्या होत्या. "समदी पैली बोटं त्यानंच खाल्ली."

आता घरचं लेकरू म्हणजे दगडी. माझी पहिली दोन राहिली नाहीत, म्हणून हिचं नाव दगडाबाई ठेवलं. नाव असं, आणि अंग बघाल तर लोण्याचं.

पंधरवड्यामागं नबीलाल कासार आला. बांगड्या घेऊन गावोगाव फिरतो, आमच्या डब्याही तोच नेतो. त्यानं कनवटीतून एक डबी काढून माझ्यासमोर ठेवली. वर बाईचं चित्र, झाकण गुळगुळीत.

"वैनी, ही हैदराबादची. वर बाई हाय, आत काय हाय ते अल्लाला ठावं. पर पोरी म्हणत्यात, बाईवाली द्या! पंचमीला समद्या माहेराला येत्याल. तवा मला तुमच्या शंभर डब्या पायजेत. न्हाय झाल्या तर म्या ह्याच भरतो. नाराज नका हू."

"शंभर देते," मी म्हणाले. लगेच म्हणाले. विचारसुद्धा केला नाही.

चार-चार करत शंभर कधी व्हायच्या? सहाव्या दिवशी एरंडेलाचा दिवा मी बाजूला ठेवला आणि ताटाखाली राकेलची चिमणी लावली. भसाभसा धूर. घटकाभरात ताट काळंभोर. सासूबाईंना वास येऊ नये म्हणून ते सगळं मागं परसात.

त्या दिवशी पहिलं बोट घेऊन मी दगडीपुढं बसले. तिनं सवयीनं तोंड वर केलं, डोळे ताणून मोठे केले. काजळात तूप होतं, तरी बोटाला राकेलचा वास होता. मी बोट पदराला पुसलं. "उद्या घालू हं, सोन्या."

तो उद्या काही आला नाही.

तेव्हापासून माझं लक्ष ठिकाणावर नाही. भाकरी करपते, दगडीची वेणी अर्धी घालून उठते. एकदा दोन्ही काजळं तळहातावर शेजारी-शेजारी लावून पाहिली. खोटं कशाला सांगू, हैदराबादचं जास्त चोपडं होतं. डबीही देखणी. मग बायका आमच्याकडं येतात कशाला? आपल्याजवळ असं काय आहे, जे त्या चित्रातल्या बाईजवळ नाही? हा प्रश्न पाटा धुताना यायचा, दगडीला न्हाऊ घालताना यायचा. उत्तर येऊ लागलं की मी दुसरं काम काढायची.

परवा शेजारच्या द्वारकाबाई आल्या. नव्यातली एक डबी मी त्यांना दिली होती. "नातवाचे डोळे चिकटायलेत बघ," म्हणाल्या. "दात येत असत्याल."

"काजळ दोन दिवस नका घालू," मी कसंबसं म्हणाले.

"अगं, काजळानं काय हुतंय? ते मथुराबाईचं हाय!" आणि त्यांनी आणखी एक डबी मागितली. मी दिली. माझ्याच हातानं दिली.

दारात बांगड्या किणकिणल्या. नबीलाल.

"झाल्या का वैनी? गाडी सुटंल माझी." त्यानं कापड पसरलं, डब्या रचायला लागला. सासूबाई जाग्याच होत्या.

"हिकडं दे बरं एक," त्या म्हणाल्या. झाकण काढून त्यांनी काजळ दोन बोटांत चोळलं. नाकाशी नेलं.

"नबीलाल, तहसीलदाराच्या बेगमेनं निजामाच्या वक्ताला माझं काजळ मागवलं हुतं. ठावं हाय का?"

"मौशी, धा डाव सांगितलंय तुमी. आन दर डावाला बेगम जरा जास्तच गोरी हुतीय."

सासूबाई हसल्या नाहीत. बोटं अजून चोळत होत्या. "पैलं बोट घातलंस का गं लेकराच्या डोळ्यांत?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. कापड अजून बांधलं नव्हतं.

"घातलं, आत्याबाई."

"मग दे." त्यांनी डबी पुढं केली. त्यांचं सगळं इमान त्या दोन शब्दांत होतं. नबीलालनं ती घेतली, वर ठेवली आणि कापडाची टोकं उचलली.

माझ्या गुडघ्याजवळ हालचाल झाली. दगडी उठून बसली होती. झोपेनं तांबूस झालेले तिचे डोळे आधी आजीकडं गेले, मग त्या डब्यांकडं. ती सरकत माझ्यापुढं आली, नेहमीसारखं तोंड वर केलं, डोळे ताणून मोठे केले.

नबीलालचे हात गाठीवर थांबले. सासूबाईंचा चेहरा आमच्याकडं वळला.

"आई," दगडी म्हणाली, "मला कदी घातलंस गं?"