खटक्याचा कॅमेरा

बोईसर स्टेशनाबाहेर माझं कॅमेऱ्यांचं दुकान आहे. जुने घ्यायचे, दुरुस्त करायचे, नवे विकायचे. गिऱ्हाईक ‘जुनं ते सोनं’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. सोनं असतं तर बदलायला कशाला आला असतास?

नीलेश तसलं काही बोलत नसे. उमरोळीच्या आतल्या पाड्यावरचा वारली गडी, तारापूरच्या कारखान्यात कामाला, सुट्टीच्या दिवशी लग्नांचे फोटो काढणारा. त्याची आई नवसी धवलेरी आहे. वारल्यांचं लग्न धवलेरी लावते, गाणी म्हणून. नवसीला आता दिसत नाही, पण गाणी तोंडपाठ, त्यामुळे पाड्यापाड्यावरून बोलावणं येतं. ते थांबलं तर आई घरात बसून झुरेल, ही नीलेशची धास्ती. म्हणून तो तिला घेऊन जातो, भिंतीवर पांढऱ्या रेघांनी काढलेल्या लग्नाच्या चौकासमोर, म्हणजे चित्रासमोर, बसवतो आणि आसपास राहून फोटो काढतो.

त्याचा कॅमेरा छोटाच, पण जुना. कडांचा रंग उडालेला, अंधाऱ्या घरात फोटो दाणेदार यायचे. तसंच छोटं, नवं मॉडेल माझ्याकडे आलं होतं. अंधारातही स्वच्छ फोटो, आणि आवाज अजिबात नाही.

“एक लग्न काढून बघ,” मी म्हणालो. “आई गात असते, मध्ये तुझं खटक खटक कशाला? आवाज बंदच करून देतो.”

मला माझा सल्ला फार आवडला होता.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नीलेश आईला हाताला धरून दुकानात आला. दोन्ही कॅमेरे काउंटरवर ठेवले.

“काका, नवा नको. आये गाता गाता थांबली. लगीन थांबलं. लोक बोलाया लागले, म्हातारीला आता जमत नाय. पुढच्या लग्नाला दुसरी धवलेरी बघतात.”

“अन् कॅमेऱ्याचा काय संबंध?”

उत्तर नवसीनं दिलं. “तो खटका वाजला की माना कलतं, निला हाय. काल वाजलाच नाय. माना वाटलं, ह्यो माना सोडून गेला. मंग गानं कसं येल?”

मी आपलं घोडं दामटलंच. मेनूत जाऊन आवाज चालू केला आणि बटण दाबलं. बारीकसं, गुळगुळीत ‘टिक’ वाजलं.

नवसीनं मान हलवली. “ह्यो कुनाचाबी असंल.”

 नीलेश मात्र नव्या कॅमेऱ्यातले कालचे फोटो सारखा पाहत होता. काय सुंदर आले होते ते. चौकावरची पांढरी रेघ न् रेघ, आईच्या कपाळावरची सुरकुती न् सुरकुती. असे फोटो दिसले तर त्याला दुप्पट कामं मिळाली असती, हे त्यालाही कळत होतं.

“चहा सांगून येतो,” म्हणून तो बाहेर गेला.

मी बसल्या बसल्या त्याचा जुना कॅमेरा उचलला. सवयीनं डोळ्याला लावला आणि बटण दाबलं. खटक.

नवसीचा चेहरा माझ्याकडे वळला. सगळा उजळलेला.

“आलास का रं निला?” ती म्हणाली.

 ते हसू माझं नव्हतं आणि मी ते चोरल्यासारखं घेऊन बसलो होतो. फार वाईट वाटलं.

“मी आहे, दुकानदार,” मी म्हणालो. “तो येतोच आहे.”

हसू लगेच विझलं. ती पुन्हा समोरच्या भिंतीकडे तोंड करून बसली.

नीलेश चहा घेऊन आला. मी नवा कॅमेरा कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि जुना त्याच्या हातात दिला.

“हाच ठेव. आणि ज्यांच्याकडे पुढचं लग्न आहे, त्यांच्याकडे आजच जा, आईला घेऊन. हा गळ्यात असू दे, ती गाऊ लागली की वाजव.”

त्यानं कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन चालू केला. मी काढलेला फोटो समोर आला. थोडा हललेला, दाणेदार. त्यात त्याची आई तो आला म्हणून हसत होती.

“हा कुनी काढला?” त्यानं विचारलं.

“तूच,” मी म्हणालो आणि चहा घेतला.