बाबासोंच्या खांद्यावरचा पंचा

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे. लाल काठाचा, पांढरा. आता मला पांढरा म्हटलं तर तुम्ही हसाल. अंगाला दोन भोकं आहेत आणि कितीही धुतलं तरी कांद्याचा वास जात नाही. जाऊ नये असंच मला वाटतं.

विणला गेलो मागावर, पण कामाला लावलं बाबासोंनी. ते मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या कांद्याच्या बाजारात पोती वाहणारे माथाडी. मालाची गाडी लागली की माझी चौपदरी घडी मानेवर आणि माझ्यावर पन्नास किलोचं पोतं. "ह्यो हाय म्हणून मान शाबूत हाय," असं ते टोळीतल्या शिवरामला सांगायचे, तेव्हा माझा ऊर भरून यायचा. पंच्याला कुठला आलाय ऊर, पण यायचा खरा!

बाबासोंचा एक नेम होता. गाडी रिकामी झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. पोटात पाणी डुचमळलं की पोतं पेलत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची बायको वेणूबाई, तिचाही एक नेम. गावी दोघं रानात राबायची तेव्हापासून, सोबत असताना नवऱ्यानं पाणी घेतल्यावरच ती घेणार. घरात सून हसायची, पण दोघांचे नेम काही सुटले नाहीत.

पुढे बाबासो निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. मोरीखालचा पाइप गळायचा, तिथं मला कोंबलं. दोन वर्षं मी तिथं कुजत पडलो होतो, कुणी विचारलं नाही.

मग वेणूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोज चाला, नाहीतर पाय आखडेल आणि खुर्चीतच बसून राहाल, असं डॉक्टरांनी बजावलं. वेणूबाई घाबरल्या. "तुमी संगं आलात तरच जाईन," म्हणाल्या. बाबासोंनी मला शोधून काढलं, साबण लावून खळखळून धुतलं आणि खांद्यावर टाकलं. काय सांगू मित्रांनो, पुन्हा कामावर रुजू झाल्यासारखं वाटलं.

मार्चचा महिना होता. पाणी भरून, भांडी आवरून निघायला दहा वाजायचे. खाडीचा वारा पडलेला आणि डोंगराकडून कोरड्या झळा. घाम आला कधी नि वाळला कधी, कळायचं नाही. घराजवळच्या तळ्याभोवती एक फेरी मारायची, असा रोजचा शिरस्ता.

एके दिवशी अर्ध्या वाटेत वेणूबाई म्हणाल्या, "अवं, घसा लई सुकलाय."

पाण्याची बाटली बाबासोंच्याच पिशवीत होती. "जरा दम धर की. फेरी पुरी झाली की पिऊ. वझं उतरल्याबिगर पानी न्हाई."

वेणूबाई तशाच वीस पावलं चालल्या आणि कठडा धरून खालीच बसल्या. ओठ पांढरे, डोळे मिटलेले. पन्नास किलो उचलणारे बाबासो, पण त्यांना बाटलीचं झाकण उघडेना!

तेवढ्यात करिमुन्निसाबाई धावत आल्या. त्या मूळच्या उरणच्या, निवृत्त शिक्षिका, रोज तळ्यावर दिसायच्या. मागूनच चालत होत्या, बाबासोंचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी वेणूबाईंना झाडाखाली सावलीत घेतलं, मला ओढून स्वतःच्या बाटलीतलं पाणी माझ्यावर ओतलं आणि मला वेणूबाईंच्या मानेवर ठेवलं. "भाऊ, ही काय हमाली आहे? पाणी द्या आधी त्यांना!"

वेणूबाईंनी डोळे उघडले. बाटली ओठांशी आली तरी मान हलवून म्हणाल्या, "ह्यांनी घेतलं न्हाई अजून."

बाबासोंनी बाटली घेतली आणि अर्ध्या वाटेतच पहिला घोट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. मग वेणूबाई प्यायल्या, हळूहळू, घोट घोट. बाबासोंनी माझ्या एका टोकात तोंड लपवलं. इतकी वर्षं त्यांचा घाम टिपला होता, रडणं त्या दिवशी टिपलं. "माझ्या हट्टापायी गेली असती गं तू," एवढंच ते म्हणाले.

आता आम्ही सकाळी सहालाच निघतो. पाणी आल्यावर सून भरते. मला ओला करून वेणूबाईंच्या मानेवर ठेवतात. प्रत्येक बाकड्याशी बाबासो थांबतात, तहान नसली तरी घोटभर पितात, कारण त्याशिवाय वेणूबाई पिणार नाहीत.

काल मात्र गंमतच झाली. आता दोन फेऱ्या होतात, त्यातली दुसरी चालू होती. बाबासो चपलेतला खडा काढायला वाकले होते. वेणूबाईंनी सरळ बाटली उघडली, गटागटा प्यायल्या आणि पुढे करून म्हणाल्या, "घ्या आता तुमी. मला तहान लागली व्हती." बाबासो खुळ्यासारखे बघतच राहिले आणि मग पोट धरून हसले.

मित्रांनो, उन्हातून चालताना तहानेची वाट पाहू नका, आणि सोबतचं माणूस गप्प असलं तर त्यालाही विचारा. घरी आलात की माझ्यासारख्याला पिळून दोरीवर वाळत घाला. मोरीखाली नको, एवढंच मागणं आहे.