बेचाळिसावं पान

चुलतभावाने तपासायला दिलेल्या गठ्ठ्यात पान एक्केचाळीसनंतर थेट त्रेचाळीस आलं आणि ताईचं घोडं तिथेच अडलं.

दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. पण ताईने छत्तीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासली होती. तिथे तिला पाठीमागे सगळे ‘चाळणी’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. निवृत्त झाली तरी तिची नजर काही निवृत्त झाली नव्हती. दुकानाची पाटी असो की लग्नाची पत्रिका, चूक दिसली की ती बोलून दाखवायची. परिणामी अलीकडे तिला पत्रिकाच येईनाशा झाल्या होत्या.

चुलतभाऊ शाळेत इतिहास शिकवायचा, म्हणून घरात सगळे त्याला मास्तरच म्हणत. तीन वर्षं खपून त्याने घराण्याचा इतिहास लिहिला होता. एकोणिसाव्या शतकात दगडधोंड्यांचा उतार साफ करून ज्याने शेत उभं केलं तो मूळपुरुष, म्हणजे ताईचे खापरपणजोबा. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे पणजोबा. त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नसे, एवढी एक गोष्ट घरात प्रत्येकाला माहीत होती. त्यांच्यापासून पुढे सगळा विस्तार. प्रत्येक विधानाला मास्तरने जुन्या कागदाची नक्कल जोडली होती आणि प्रत्येक नकलेवर लाल शाईने आकडा टाकला होता. बेचाळीसचा आकडा मात्र कुठेच नव्हता.

ताईने शेवटची सूची काढली. एक्केचाळीसखाली पांढऱ्या रंगाचा एक पट्टा होता. कागद उलटा करून खिडकीच्या काचेला लावल्यावर पट्ट्याखालची अक्षरं उलटी पण स्पष्ट दिसली: तापाच्या साथीची नोंदवही, १८६४.

तिने लगेच फोन लावला.

“मास्तर, बेचाळीस कुठाय?”

पलीकडे मास्तरने दोनदा घसा खाकरला.

“ते होय? अगं ताई, ती वही वाळवीने खाल्लेली. काही वाचताच येत नव्हतं. म्हणून काढून टाकलं.”

“मग आकडा कशाला दिलास?”

“चुकून दिला असेल. तू बाकीचं बघ ना.”

चुकून! तीन वर्षांत ज्याने एक आकडा पुढेमागे होऊ दिला नाही, तो चुकून आकडा देतो आणि मग चुकून त्यावर पांढरा रंगही लावतो? ताईच्या मनात पाल चुकचुकली. गेल्या वर्षीपासून शेती खातं एक मानाची पाटी देत होतं; दीडशे वर्षं एकाच वंशाने कसलेल्या शेतासाठी. मास्तरने अर्ज केला होता. अर्जात ‘सलग रक्ताचा वंश’ असं कलम होतं, ते त्यानेच मोठ्या कौतुकाने तिला वाचून दाखवलं होतं. पाटी शेताच्या फाटकावर लागणार, खाली अर्जदाराचं नाव येणार. मग बेचाळिसाव्या पानावर असं काय होतं, जे त्या पाटीच्या आड येत होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती जुन्या कागदपत्रांच्या दफ्तरखान्यात जाऊन बसली. उंच खिडक्यांची लांबट खोली, कापडात बांधलेले गठ्ठे, टेबलावर शिशाची वजनं. पेन आत न्यायला बंदी, फक्त पेन्सिल. कारकुनाच्या बोटांना खळ लागलेली होती आणि तो सारखा शिंकत होता.

“१८६४ची तापाची वही हवी होती,” ताई म्हणाली. “पण ती म्हणे वाळवीने खाल्ली.”

“वाळवी?” पोटच्या पोराला कुणी नावं ठेवावीत तसा कारकुनाचा चेहरा झाला. “आमच्याकडे? कोण म्हणालं?”

दहा मिनिटांत त्याने वही आणून समोर ठेवली. धडधाकट. ती मागवणाऱ्यांची सही घ्यायला पहिल्या पुठ्ठ्याला एक तक्ता जोडलेला होता. त्यात शेवटच्या दोन्ही सह्या मास्तरच्या. दोन महिन्यांपूर्वीच्या, लागोपाठ दोन दिवसांच्या.

“हे गृहस्थ दुसऱ्या दिवशी काही लिहीत नव्हते हो,” कारकून नाक पुसत म्हणाला. “नुसते पान उघडून बसले होते. मला वाटलं, बरं नाही त्यांना.”

तो वही वाचत नसेल तर करत काय होता? पान फाडायचं धाडस गोळा करत होता? ताईने आधी शिवण तपासली. एकही पान कमी नव्हतं, कुठे खाडाखोड नव्हती. मग ती वाचायला लागली.

साथीवर नेमलेल्या एका डॉक्टरने ही वही ठेवली होती. घरोघर फिरून कोण आजारी, कोण गेलं, कोण बरं झालं, सगळं त्याने बारीक अक्षरात टिपलं होतं. वस्तीतली एकवीस घरं. उतारावरचं शेत शेवटी.

‘शेतकऱ्याचा एकुलता मुलगा, वय नऊ. आज पहाटे गेला.’

पुढे नाव होतं. पणजोबांचं.

ताईने चष्मा काढला, पुसला, परत लावला. नाव तेच, बापाचं नाव तेच, शेत तेच. १८६१च्या खानेसुमारीत हा मुलगा सहा वर्षांचा होता, म्हणजे वयही जुळत होतं. आणि १८७१च्या खानेसुमारीत तो सोळा वर्षांचा होऊन आईबापांसोबत राहत होता! ती नक्कल मास्तरच्याच गठ्ठ्यात होती. नवव्या वर्षी गेलेलं पोर सोळाव्या वर्षी शेतात नांगर धरतं कसं? गेलेल्याचं नाव पाठच्या भावाला ठेवलं म्हणावं, तर पाठचा भाऊ फार तर सहा-सात वर्षांचा असता.

मूळपुरुषाचा आता तिला संशय येऊ लागला. घराण्यात ज्याचं नाव आदराने घेत होते, त्या माणसाने काहीतरी लपवलं होतं. आणि मास्तर, दीडशे वर्षांनी, त्याला साथ देत होता.

तिने पुढची नोंद वाचली. ‘त्याच शेतामागील खोपटातला गडी आणि त्याची बायको, दोघेही काल गेले. त्यांचा मुलगा, वय नऊ, वाचला. तापाने डाव्या कानाने ऐकू येणे बंद. शेतकऱ्याच्या घरी ठेवला आहे.’ त्या मुलाचंही नाव होतं. साधं, तीन अक्षरी. ताईने ते पेन्सिलीने कागदावर उतरवलं, मग वस्तीची १८७१ची खानेसुमारी मागवून ओळ न् ओळ चाळली. गड्याचा मुलगा कुठेच नव्हता. गेल्याची नोंद नाही, गाव सोडल्याची नोंद नाही. नाव तेवढं पुसलं गेलं होतं.

डावा कान.

मग तिला जमिनीचा पट्टा आठवला. मास्तरच्या गठ्ठ्यातलं सतरावं पान. पट्टा तीन माणसांच्या हयातीवर दिलेला होता: नवरा, बायको आणि मुलगा. तिघांपैकी शेवटचं माणूस जिवंत असेपर्यंत शेत त्यांचं, मग मालकाकडे परत. म्हणजे मुलगा गेला हे मालकाला कळलं असतं, तर म्हातारा-म्हातारीबरोबर शेतही गेलं असतं. डॉक्टरची वही शहरात गेली, मालकाचे कागद मालकाच्या वाड्यात राहिले, दोन्ही कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. मालकाचा माणूस वर्षातून एकदा येऊन डोकी मोजायचा. डोकी तीनच होती.

आणि वस्तीतले लोक? जे वाचले त्यांना हे दिसत नव्हतं? एकूण एक सगळे गप्प बसले होते.

ताई तडक मास्तरच्या घरी गेली. दार उघडल्याबरोबर तिच्या हातातली पेन्सिलीची चिठ्ठी पाहून त्याचा चेहरा उतरला.

“वाळवी बरी आहे,” ताई म्हणाली. “तुझी चौकशी करत होती.”

“ताई, हळू बोल. बाबा आत जागे आहेत.” त्याने तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं.

“हळू कशाला? पाटी मिळेपर्यंत गप्प बसायचं ठरवलंस ना? मलाही फसवायला निघालास? आपण त्या मूळपुरुषाचे कुणीच लागत नाही, गड्याच्या मुलाचे वंशज आहोत, हे लिहायला लाज वाटली?”

मास्तरने कपाटाच्या खणातून एक कागद काढून तिच्यापुढे धरला. शेती खात्याला लिहिलेलं पत्र होतं: अर्ज मागे घेत आहे. खाली पोच मिळाल्याचा शिक्का. ताईने शिक्क्याची तारीख निरखून पाहिली, पत्राची तारीख पाहिली, आवक क्रमांकही पाहिला. खोट काढता येत नव्हती. दफ्तरखान्यातली त्याची दुसरी सही झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवसाची तारीख.

“पाटी गेली खड्ड्यात,” मास्तर दबक्या आवाजात म्हणाला. “बाबा एक्याण्णव वर्षांचे आहेत. आजोबा, आजोबाचं शेत, एवढ्यावर त्यांचा जीव आहे. त्यांना कसं सांगू, की ते आजोबा कुणी दुसरेच होते? ते असेपर्यंत नको, एवढंच माझं म्हणणं. आणि तुझं तोंड मला माहीत आहे.”

हे तिला लागलं. खरं होतं म्हणून जास्तच लागलं.

“काय कुजबुजताय रे?” आतून काकांचा आवाज आला. “पाय गेलेत माझे, कान नाही गेले. इकडे या दोघं.”

काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते, मांडीवर वर्तमानपत्र. त्यांनी ताईकडे मान वर करून पाहिलं.

“गड्याचा मुलगा म्हणालीस ना, पोरी? त्याचं नाव सापडलं?”

“सापडलं, काका.”

“थांब, सांगू नकोस. मी सांगतो.”

आणि त्यांनी नाव सांगितलं. तीन अक्षरी, तेच.

ताईने झटकन मास्तरकडे वळून पाहिलं. म्हणजे यांचं बापलेकांचं आधीच संगनमत होतं? पण मास्तर भिंतीला टेकला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मी कधी बोललो नाही, ताई. शपथ.”

“तो कशाला सांगेल मला?” काका म्हणाले. “मी पाच वर्षांचा होतो. आजोबा अंथरुणाला खिळलेले. घरची माणसं शेतात गेली की मला उजव्या बाजूला बसवून घ्यायचे. एकदा म्हणाले, एक गंमत करू. मला या नावाने हाक मार. मी कानाशी जाऊन मारली, तर ते ढसाढसा रडायलाच लागले. मला वाटलं, काही चुकलं. पण म्हणाले, अजून एकदा. मग रोज दुपारी आमचा तोच खेळ. एक दिवस मी आईसमोर हाक मारली, तर तिने माझ्या कानाखाली जाळ काढला. आजोबांना भलत्याच नावाने हाका मारतोस म्हणून.”

“मग तुम्हाला बाकीचं कळलं कसं?” ताईने विचारलं. सवय कुठे जाते?

“मिसरूड फुटल्यावर वडिलांना विचारलं. म्हणाले, डोक्यावर छप्पर आहे ना? मग गप्प बस. पुढे कायदा बदलला, शेत कसणाऱ्याच्या नावावर झालं, तरी गप्प बसायची सवय काही गेली नाही.”

“पण बाबा, मला तरी सांगायचं!” मास्तर कळवळून म्हणाला. “तीन वर्षं मी दफ्तरखान्यात डोळे फोडतोय.”

“तू तीन वर्षं रक्त, वंश, रक्त, वंश करत फिरत होतास. म्हटलं, सांगितलं तर पोरगं झुरेल.”

“आणि मला वाटलं, तुम्ही झुराल!”

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. ताईला हसू आलं आणि त्याच वेळी मेल्याहून मेल्यासारखंही झालं. सकाळपासून तिने तीन माणसांना चोर ठरवलं होतं, आणि त्यातला एकही तसा निघाला नव्हता.

“आणि तो दुसरा?” काकांनी विचारलं. “खरा मुलगा, जो गेला तो? तो कुठे आहे तुमच्या पुस्तकात?”

तो कुठेच नव्हता. त्याच्या मरणाची तेव्हा कुठे वाच्यता झाली असती, तर शेत गेलं असतं. आईला त्याच्यासाठी धड गळाही काढता आला नसेल, हे ताईच्या तोवर मनातही आलं नव्हतं.

“आजोबा म्हणायचे,” काका सांगू लागले, “वर्षातून एक दिवस आई बांधाच्या कोपऱ्यात जाऊन बसायची. एकटीच. मी मागे गेलो, की मला परत पाठवायची. पण संध्याकाळी घरी आली की मला आधी पोटाशी धरायची.”

मास्तरने टेबलावर वंशवृक्षाचा तक्ता पसरला. ताईने पेन्सिल घेतली आणि मूळपुरुष आणि त्याच्या बायकोखाली एकाऐवजी दोन चौकोन काढले.

“एकाच नावाचे दोन चौकोन?” मास्तर म्हणाला. “वाचणाऱ्याला छपाईची चूक वाटेल.”

“वाटू दे. दुसऱ्यात आधी त्याचं स्वतःचं नाव, मग हे. खाली मी टीप देते.” तिने टीप लिहिली आणि काकांना मोठ्याने वाचून दाखवली. ‘साथीत पोरक्या झालेल्या या मुलास त्यांनी मुलाच्या जागी ठेवले.’

“ठेवले?” काकांनी तोंड वाकडं केलं. “भांडं आहे का ते? ‘वाढवले’ लिही.”

ताईने निमूटपणे खोडलं आणि ‘वाढवले’ लिहिलं. तिच्या मजकुरात दुसऱ्या कुणी चूक काढायची ही तिच्या आठवणीतली पहिलीच वेळ.

रविवारी तिघंही शेतावर गेले. काका गाडीतच बसले, काच खाली करून. त्यांनी हाताने दाखवला तो पूर्वेचा कोपरा. बांधालगत दगडांचा एक बुटका ढीग होता, गवतात अर्धा बुडालेला. शेत साफ करताना टाकलेले दगड असतील, किंवा नसतील.

“दोन-चार दगड हलवून बघू का?” मास्तरने विचारलं.

ताई बराच वेळ ढिगाकडे बघत उभी राहिली.

“नको,” ती म्हणाली आणि चपला काढून बाजूला बसली.